यंत्राची गुप्त भाषा आणि मालकाचा हक्क

नांगर मोडल्यास गांवचा लोहार तो नीट करतो. त्यास कोणाची परवानगी लागत नाहीं. परंतु हल्लींचे कित्येक ट्रॅक्टर संगणकाच्या आज्ञावलीवर चालतात, आणि तिच्याशीं संवाद साधण्याची भाषा कंपनी गुप्त ठेवते. वाफसा आला असतां यंत्र अडलें, तर धन्यास कंपनीच्या माणसाची वाट पाहावी लागते. यंत्राचें वर्तन पारखून ती भाषा स्वतः उलगडणें ही चोरी होय काय?

अमेरिकेंत १९९८ च्या कायद्यानें असें डिजिटल कुलूप उघडण्यास मनाई केली. पण २०१५ सालीं ट्रॅक्टरमालकांस दुरुस्तीपुरती सूट मिळाली. कोलोराडो राज्यांत तर १ जानेवारी २०२४ पासून दुरुस्तीचीं साधनें व माहिती पुरविणें कंपन्यांवरच बंधनकारक झालें. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचें कलम ५२, १९९९ च्या दुरुस्तीनंतर, स्वतंत्रपणें रचलेल्या आज्ञावलीचा मेळ दुसरीशीं घालण्यापुरती माहिती शोधण्याची मुभा कायदेशीर धारकास देतें. मात्र ती माहिती अन्यथा सहज मिळण्याजोगी नसावी.

तथापि संवादाची रीत जाणणें निराळें, आणि आज्ञावलीची नक्कल करून विकणें निराळें. कंपनीच्या संगणकांत विनापरवाना शिरणें वा सुरक्षेची योजना बंद पाडणें, हें दुरुस्तीच्या नांवाखालीं क्षम्य ठरत नाहीं. मालकी आपल्या यंत्रापुरती. दुसऱ्याच्या श्रमावर ती चालत नाहीं.

यास्तव खरेदीपूर्वीं करारपत्र नीट वाचावें, आणि दोष ओळखण्याचें साधन मिळेल किंवा नाहीं, हें विक्रेत्याकडून लेखी घ्यावें.