बत्तिसाच्या जागी आठ

माझी भाची बदली होऊन मुल्लानपूरला गेली. तिथली थंडी, जेवण, भाषा यांबद्दल ती कुरकुर करेल असं घरात सगळ्यांना वाटत होतं. तिची तक्रार वेगळीच निघाली. "मामा, इथे सिग्नलच नाहीत. नुसते गोल चौक. मधे कधी घुसायचं तेच कळत नाही." साताऱ्याच्या पोवई नाक्यावर आठ बाजूंनी येणाऱ्या गर्दीत कॉलेजात असल्यापासून स्कूटर चालवलेली ही मुलगी. मोकळ्या, रुंद, आखीव रस्त्यावर तिला भीती का वाटावी, हे काही केल्या डोक्यातून जाईना. सवड मिळाली तसा गेलो.

चंदीगडचा मध्य मार्ग पीजीआयपाशी येतो. तिथून खुड्डा लाहोरा गाव आणि पटियाला की राव नावाचा, पावसाळ्यापुरता वाहणारा ओढा ओलांडला की पंजाबची हद्द आणि मुल्लानपूर. जुनं मुल्लानपूर गरीबदास हे बाजाराचं गाव अजून आहे तसंच आहे. त्याच्या भोवती न्यू चंदीगड उभं राहतंय: टाटा स्मारक केंद्राचं 300 खाटांचं होमी भाभा कर्करोग रुग्णालय 2022 च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं, 2024 पासून आयपीएलचे सामने इथल्या नव्या स्टेडियममध्ये होऊ लागले, आणि अधेमधे गव्हाची शेतं व अर्धवट इमारती. रस्ते मात्र इमारतींच्या आधी झाले. दोन मोठे रस्ते जिथे भेटतात तिथे हिरवळीचं भलंमोठं वर्तुळ.

हे वळण चंदीगडचंच. ल कॉर्ब्युझिएने 1951 मध्ये शहराचा आराखडा हातात घेतला तेव्हा 800 बाय 1200 मीटरचे सेक्टर पाडले आणि वेगवान वाहनं सेक्टरच्या बाहेरून जाणाऱ्या रस्त्यांवर ठेवली. साहजिकच सेक्टरच्या कोपऱ्याकोपऱ्यावर मोठे चौक आले आणि त्यांतले पुष्कळसे गोल झाले. इथली माणसं पत्ताही तसाच सांगतात: दुसऱ्या गोल चक्करवरून डावीकडे.

भाचीने एका मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये नाव घातलं होतं. लायसन्स होतं, शिकायचा होता तो फक्त गोल चौक. शिकवणारे सरदारजी साठीच्या पुढचे, पूर्वी ट्रक चालवायचे. वॅगनआरमध्ये त्यांच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक. मी मागच्या सीटवर बसलो. पहिल्या गोलापाशी पोचेपर्यंत गाडीत क्लच प्लेटचा करपट वास भरला होता. पुढच्या कितीतरी फेऱ्यांत तो वास नाकातून गेला नाही, आणि आजही कुठल्या चढावर कुणाची गाडी तशी वास मारायला लागली की मला त्या सीटवरून दिसणारा तिचा डावा पाय दिसतो.

तो पाय सगळं सांगत होता. चौकाच्या तोंडाशी आली की ती क्लच अर्धा सोडायची, गाडी जरा पुढे सरकायची, उजवीकडून गाडी दिसली की पाय पुन्हा खाली. पुन्हा अर्धा वर, पुन्हा खाली. जायचंही आहे आणि थांबायचंही आहे, अशा अवस्थेत प्लेट घासत राहते. मागचा हॉर्न वाजवतो. मग घाबरून ती भलत्याच वेळी आत शिरायची आणि सरदारजींचा पाय ब्रेकवर जायचा.

"सज्जे वेख, पुत्तर," ते म्हणायचे. उजवीकडे बघ. आवाज कधी चढला नाही. "लोक डावीकडे बघतात, समोर बघतात, आरशात मागच्याचं तोंड बघतात. इथे एकच दिशा बघायची. सज्जे."

त्यांचा हट्ट होता की पूर्ण थांब, न्यूट्रल कर, पाय क्लचवरून काढ, मागच्याला वाजवू दे. फट दिसली की पहिला गियर टाक आणि निघ. अर्धवट क्लचवर ताटकळणं म्हणजे निर्णय न घेणं, असं ते म्हणायचे. सिग्नलवर निर्णय दिवा घेतो. हिरवा झाला की आपण डोळे मिटल्यासारखे निघतो, आडव्या रस्त्याने कुणी लाल तोडून भरधाव येत असेल हे मनातही येत नाही. गोलापाशी प्रत्येकाला दर वेळी स्वतः बघून ठरवावं लागतं. भाचीला भीती वाटत होती ती याच गोष्टीची, हे मला तिथे समजलं. पोवई नाक्यावर गर्दी तिला ओढून न्यायची. इथे तिला स्वतःला निघायचं होतं.

मधल्या सुट्टीत रस्त्याकडेच्या टपरीवर चहा घेताना सरदारजींनी एक आकडा सांगितला. पोलिसांच्या कुठल्याशा प्रशिक्षणात ऐकलेला. चार रस्त्यांच्या साध्या चौकात गाड्या एकमेकींना भिडू शकतील अशा 32 जागा असतात. एका लेनच्या गोल चौकात आठ. "बत्ती दी जगा अठ्ठ," ते म्हणाले, आणि बिस्किटाच्या पुड्यावर बोटाने चौक काढून दाखवला. आकडा खरा आहे, वाहतूक अभियंते तो नेहमी देतात. साध्या चौकात 16 ठिकाणी वाटा एकमेकींना छेदतात, आठ ठिकाणी मिळतात, आठ ठिकाणी फुटतात. गोलात छेदणं संपतं, चार मिळणं आणि चार फुटणं उरतं. म्हणजे समोरासमोरची आणि काटकोनातली, माणूस मारणारी धडक जवळजवळ बाद होते. उरतं ते बाजूने घासणं. अमेरिकेत साधे चौक काढून गोल केलेल्या 24 ठिकाणांचा अभ्यास 2001 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात माणसं जखमी होणारे अपघात 76 टक्क्यांनी कमी झालेले दिसले. मधलं वर्तुळ शोभेसाठी नसतं. त्याच्यामुळे गाडीला वाकडं जावं लागतं, आणि वाकडं जायचं तर वेग आपोआप उतरतो.

पण हे सगळं एका शिस्तीवर उभं आहे: आत असलेल्याचा हक्क पहिला. पॅरिसमध्ये 1907 पासून गाड्या एकाच दिशेने वर्तुळाभोवती फिरू लागल्या, तरी पुढची अनेक दशकं ठिकठिकाणचे गोल तुंबत राहिले. कारण सोपं आहे. बाहेरचा आत घुसला की आतला थांबतो, आतला थांबला की त्याच्या मागचा बाहेर पडण्याचा रस्ता अडतो, तो अडला की पलीकडच्या तोंडाशीही तेच, आणि सगळं वर्तुळ एका गाठीत अडकतं. ब्रिटनने 1966 मध्ये उजवीकडून येणाऱ्याला वाट देण्याचा नियम केला आणि गाठ सुटली. आपल्याकडे कायदा तेच सांगतो. आपण मात्र नाक पुढे घालतो. महाराष्ट्रात गावोगावी चौकात पुतळा असतो, त्याला आपण हार घालतो, पण उजवीकडे वळायचं असेल तर त्याला वळसा घालायचा कंटाळा करून उलट्या बाजूने गाडी काढतो. हे मला फार लागतं.

मुल्लानपूरलाही सगळे शहाणे नाहीत. बद्दीकडे जाणारे ट्रक वेग न उतरवता येतात, कारण अडवायची कुणाची छाती नाही हे त्यांना ठाऊक असतं. बाहेरच्या नंबरच्या गाड्या आतल्या लेनमधून दोन लेन कापून सरळ डावीकडे सुटतात. सरदारजींनी भाचीकडून घटवून घेतलेली रीत अशी: डावीकडे जायचं तर डावी लेन, उजवीकडे किंवा परत फिरायचं तर उजवा इंडिकेटर देऊन वर्तुळाला धरून राहायचं, आपल्या आधीचा रस्ता मागे पडला की डावा इंडिकेटर, आरसा, आणि मग बाहेर. चुकलं तर? "चुकलं तर अजून एक चक्कर मार. गोल पळून जात नाही." हे वाक्य ऐकल्यावर तिचे खांदे खाली आले. तिने नंतर मुद्दाम तीन चकरा मारल्या, एकही रस्ता न घेता. चौथ्या वेळी बाहेर पडली तेव्हा गाडीत वास नव्हता.

गोल चौकाला मर्यादा आहेत. भारतीय रस्ते परिषदेच्या जुन्या निकषांनुसार सगळ्या बाजूंनी मिळून तासाला साधारण 3000 वाहनांपर्यंतच तो नीट चालतो. चंदीगडच्या गर्दीच्या काही गोलांवर म्हणून आता सिग्नलही आहेत, तर शेजारच्या मोहालीत एअरपोर्ट रोडवर सिग्नलच्या जागी गोल बांधले गेले. तासांचं आणि गाड्यांचं गणित जिथे जसं, तिथे तसं.

मला न पटलेली गोष्ट दुसरी आहे. रुग्णालयापासून थोड्या अंतरावरच्या गोलाशी आम्ही गाडी बाजूला लावली होती. समोरच्या कडेला एक म्हातारे गृहस्थ उभे, काखेत एक्सरेचं मोठं पाकीट, हातात औषधांची पिशवी. रस्ता ओलांडायला पाऊल टाकत, मागे घेत. गाड्या जोरात नव्हत्या, पण थांबतही नव्हत्या. सिग्नल असता तर कधीतरी लाल झाला असता आणि ते निवांत पलीकडे गेले असते. गोल चौक चालकाला विचार करायला लावतो, पण चालणाऱ्याला थांबलेली गाडी कधीच देत नाही. 32 च्या जागी आठ, या हिशेबात ते गृहस्थ नाहीत. पंजाबातल्या माळव्याच्या खेड्यांतून कर्करोगाच्या उपचाराला आलेली माणसं इथे रोज अशीच ओलांडतात. बाहेर पडण्याच्या तोंडापासून एक-दोन गाड्यांच्या अंतरावर उंच केलेला झेब्रा पट्टा आणि मधे थांबायला बेट, एवढं तरी करायलाच हवं. त्याला काही मोठा खर्च येत नाही.

सरदारजींना हे सांगितलं. त्यांनी मान हलवली, उतरले, रस्त्यात हात आडवा धरून उभे राहिले. एक पिकअप थांबला, मग एक मोटार. बाबाजी पलीकडे गेले. परत येऊन सीटवर बसत सरदारजी भाचीला म्हणाले, "बाहेर पडताना वेग वाढवायचा मोह होतो. त्याच जागी माणूस असतो. तिथे दुसऱ्याच गियरमध्ये राहायचं."

शेवटच्या तासाला ती एकटीच असल्यासारखी चालवत होती. ते गप्प, पाय ब्रेकपासून लांब. एक ट्रॅक्टर-ट्रॉली उसाने लादलेली, मागे दिवा नाही, वर्तुळातून डुलत चालली होती. भाचीने तिला पुढे जाऊ दिलं, नीट मागे राहून फिरली, इंडिकेटर दिला आणि बाहेर पडली.

"आता एकच राहिलं," सरदारजी म्हणाले. "डिसेंबरात धुकं पडतं. तेव्हा गोल दिसत नाही, लोक सरळ हिरवळीत गाडी चढवतात. रेडिओ बंद, काच खाली, डाव्या कडेची पट्टी धरून यायचं. आणि अशी ट्रॉली असली तर दिसायच्या आधी ऐकू येते." धुक्याचा धडा पहाटेच द्यावा लागतो म्हणाले. भाचीने ड्युटीचा तक्ता बघून गुरुवार सांगितला. "साडेपाच," त्यांनी वहीत लिहून घेतलं, "आणि पुत्तर, स्वेटर दोन घाल. काच खालीच ठेवायची आहे."