मागच्या सीटच्या पोटात

गाडीची मागची सीट सुटी व्हायला फार तर पाच-दहा मिनिटं लागतात, हे पुष्कळ मालकांना ठाऊकच नसतं. आपल्याकडच्या बऱ्याचशा छोट्या गाड्यांत बसायची गादी पुढच्या कडेला दोन क्लिपांवर बसवलेली असते. कडेखाली हात घालून क्लिप चाचपायची आणि नेमकं तिथेच सरळ वर हिसका द्यायचा. खट् आवाज होऊन एक बाजू सुटते, मग दुसरी. काही मॉडेलांत क्लिपांच्या जागी बोल्ट असतात. तिथे गोटीपाना लागतो. पाठीचा भाग काढणं जिकिरीचं, पण धुण्यापुरतं बघितलं तर तो गाडीतच राहिला तरी चालतो.

गादी उचलली की कुरमुरे, शेंगांची टरफलं, हेअरपिना, नाणी, जुन्या टोलच्या पावत्या आणि कोकणच्या सहलीची वाळू असं सगळं समोर येतं. यातली वाळू सर्वांत वाईट. तिच्यातलं मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं आणि गालिच्याखालचा पत्रा गंजायला लागतो. वायरींचे जुडगेही इथूनच जातात. पावसाळ्यात आडोसा शोधत आलेले उंदीर ते कुरतडतात. पेट्रोलची टाकी बहुधा याच पत्र्याखाली असते आणि अनेक गाड्यांत तिच्या पंपाचं झाकण इथेच उघडतं. म्हणून या जागेत पाण्याची बादली नेऊच नये. व्हॅक्यूम आणि घट्ट पिळलेलं फडकं पुरेसं आहे.

खरं काम गादीचं. पूर्वी गाड्यांच्या सीटमध्ये स्प्रिंगा, काथ्या, घोड्याचे केस असत. 1937 मध्ये जर्मनीत लेव्हरकुझेन इथे ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलियुरेथेनचं रसायन शोधलं, 1950 च्या दशकात त्याचा मऊ फोम बाजारात आला आणि पुढे सीटमध्ये तोच रुळला. या फोमची छिद्रं एकमेकांत उघडतात, म्हणून तो दबतो आणि पुन्हा फुगतो. त्याच छिद्रांतून सांडलेलं दूध, घाम आणि धूळ तळापर्यंत पोचते. वरून कापड कितीही घासलं तरी वास परत येतो तो यामुळेच.

दुधाच्या डागावर गरम पाणी ओतण्याची घाई अनेकजण करतात. उष्णतेने दुधातली प्रथिनं धाग्यात घट्ट बसतात; आधी गार पाणी, नंतर एन्झाइमवालं क्लीनर, हा क्रम योग्य. हळदीची तऱ्हा निराळी. पोह्यांचा पिवळा डाग साबण लागताच लालसर होतो आणि घासणारा घाबरतो. हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत रंग बदलतं, एवढंच. मात्र हाच रंग उन्हापुढे टिकत नाही. डाग धुऊन गादी उन्हात ठेवली की पिवळेपणा आपोआप विरतो.

पाणी जितकं कमी, तितकी सफाई चांगली. डिटेलिंगवाले शाम्पूचा फेस मऊ ब्रशने फिरवतात आणि लगेच ओढयंत्राने मळकं पाणी शोषून घेतात. घरी पाइप लावून धुतलेली गादी वरून कोरडी लागते, पण आत चिंब असते. सुकताना पाणी वर चढतं, सोबत आतला मळ आणतं आणि कापडावर तपकिरी कडा उमटते. गादी काठावर उभी करून दोन्ही बाजूंना वारा मिळेल अशी ठेवावी, पंखा लावावा, आणि तळाकडून दाबल्यावर हाताला ओल लागेनाशी झाली की मगच गाडीत न्यावी. मुंबईत जुलैमध्ये हवेतली आर्द्रता बहुतेक वेळा 80 टक्क्यांच्या वर असते. तेव्हा हे काम काढूच नये. बुरशी धरलेला फोम बहुधा टाकूनच द्यावा लागतो.

सीट काढण्याचा सगळ्यांत मोठा फायदा सफाईहून वेगळा आहे: मागचे सीटबेल्टचे पट्टे पुन्हा हाताशी येतात. 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावरच्या अपघातात मागे बसलेले उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी जहांगीर पंडोले दगावले. दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. 1 नोव्हेंबर 2022 पासून मुंबई पोलिसांनी गाडीतल्या सगळ्यांनाच पट्टा सक्तीचा केला. तरी आजही कित्येक गाड्यांत, टॅक्सींत तर विशेष, मागची बकलं सीट कव्हरखाली दाबून टाकलेली असतात. ती बाहेर काढायची संधी हीच. पट्टा सौम्य साबणाने पुसावा, ब्लीच मुळीच लावू नये, कारण त्याने विणीची ताकद जाते. ओला असताना तो गुंडाळू देऊ नये.

परत बसवताना आधी बकलं खाचांतून वर घ्यायची, सीटखाली सेन्सरची वायर असेल तर ती जोडायची, गादीची मागची कड पाठीखाली सरकवायची आणि पुढून दोन्ही क्लिपा वाजेपर्यंत दाबायची. मग प्रत्येक पट्टा लावून, ओढून बघायचा. मधल्या जागेचं बकल हमखास खाली राहतं. तसं झालं तर गादी पुन्हा उचलावी, कंटाळा करू नये. ती जागा बहुधा घरातल्या सर्वांत लहान माणसाच्या वाट्याला येते.