बरगडीवरची गाठ

ऊसतोड कामगाराच्या बरगडीवर गाठ आली की तिचं पहिलं बारसं 'मुका मार' असं होतं. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना आपटलं असेल, बैलानं शिंग लावलं असेल. त्यावर हळद, मग मेडिकलमधली गोळी. मुकादमाकडून घेतलेली आगाऊ उचल फेडायची असते, खाडा केला की पैसे कापले जातात. न दुखणारी गाठ दाखवायला फड सोडून कोण जाईल? आणि छातीच्या पिंजऱ्यातला कॅन्सर सुरुवातीला पुष्कळदा दुखतच नाही.

दुसरं बारसं टीबीचं. इथे डॉक्टरला दोष देता येत नाही, कारण आपल्याकडे बरगडीपाशी टीबीचं गळू खरोखरच होतं. ना लाल, ना गरम, नुसता फुगवटा. पण सुईनं नमुना न काढता औषधं सुरू झाली की चार-सहा महिने सहज निघून जातात. तिसरी तऱ्हा मला सगळ्यात वाईट वाटते. 'एवढीशी तर आहे, काढून टाकू' म्हणून तालुक्याच्या गावी गाठ कापली जाते आणि काढलेला तुकडा तपासणीला न जाता कचऱ्यात जातो. वर्षभरात त्याच व्रणाखाली गाठ परत येते, आता मुळं पसरून.

बीड जिल्ह्यातून छातीच्या भिंतीच्या कॅन्सरसाठी ऑपरेशन करून आलेल्यांचं पुढे काय होतं, हे पाहायचं तर सुरुवात या बारशांमध्ये गेलेल्या महिन्यांपासून करावी लागते.

शस्त्रक्रियेची स्वतःची गोष्ट सव्वाशे वर्षांची आहे. छातीची भिंत कापली की आत हवा शिरते आणि फुप्फुस फुगा फुटल्यासारखं बसतं. म्हणून सर्जन तिथे हात घालायला घाबरत. न्यू ऑर्लिन्सच्या पॅरहॅम यांनी १८९८ च्या सुमाराला भात्यासारख्या यंत्रानं रोग्याला श्वास देत बरगड्यांवरच्या गाठी काढल्या. पण काढल्यावर पडलेलं भगदाड झाकायचं कशानं? इटलीत तान्सिनी यांनी १९०६ मध्ये स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर पाठीचा रुंद स्नायू कातडीसकट पुढे वळवून लावला. आजही सर्जन तेच करतात. फक्त आता खाली कृत्रिम जाळीचे दोन थर आणि मध्ये हाडांचं सिमेंट असं सँडविच भरतात, किंवा टायटॅनियमच्या पट्ट्या बसवतात. भोक पाच सेंटिमीटरपेक्षा लहान असेल किंवा खांद्याच्या फऱ्याआड लपत असेल, तर आधार न देताही भागतं.

किती कापायचं याचा हिशेब मात्र उशिरा लागला. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकनं १९८६ मध्ये आपले जुने रोगी तपासले, तेव्हा गाठीभोवती चार सेंटिमीटर निरोगी भाग सोडून कापलेल्यांपैकी ५६ टक्के पाच वर्षांनी कॅन्सरमुक्त होते. दोनच सेंटिमीटर सोडलेल्यांपैकी २९ टक्के. कूर्चेपासून वाढणाऱ्या कॅन्सरवर किमोथेरपी आणि रेडिएशन फारसं चालत नाही, त्यामुळे तिथे पहिली कापणी हीच संधी. 'एवढीशी तर आहे'ची किंमत या दोन आकड्यांच्या मधल्या अंतरात आहे.

पोरांच्या छातीत होणाऱ्या एका कॅन्सरची कथा वेगळी. १९७९ मध्ये आस्किन आणि सहकाऱ्यांनी अशा २० रोग्यांचं वर्णन केलं. निम्मे आठ महिनेसुद्धा जगले नव्हते. हा कॅन्सर हाडांच्या यूइंग सार्कोमाचाच भाऊबंद निघाला. आधी किमो, मग ऑपरेशन, पुन्हा किमो अशा क्रमानं, रोग पसरलेला नसेल तर, आता साठ-सत्तर टक्के मुलं पाच वर्षांची रेघ ओलांडतात. एवढी मोठी झेप कॅन्सरच्या इतिहासात फार ठिकाणी दिसत नाही.

ऑपरेशनही पूर्वीइतकं जीवघेणं राहिलेलं नाही. अटलांटाच्या एमरी विद्यापीठानं २००२ मध्ये पंचवीस वर्षांतल्या २०० रोग्यांचा हिशेब मांडला, त्यात सात टक्के दगावले होते. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंगनं २००६ मध्ये २६२ जणांचा मांडला, त्यात चार टक्क्यांच्या आत. मारतो तो बहुधा न्यूमोनिया. बरगड्या नसलेली छाती दुखते, माणूस खोकत नाही, कफ साचतो. म्हणून दुसऱ्या दिवसापासून श्वास आत ओढायचं खेळणं हातात देतात, खोकायला लावतात. चुलीच्या धुरात आयुष्य गेलेल्या बाईचं किंवा बिडी ओढणाऱ्याचं फुप्फुस या परीक्षेला आधीच अर्धं थकून आलेलं असतं.

आता बीड. राष्ट्रीय कॅन्सर नोंदणीच्या २०२० च्या अहवालात देशातल्या सगळ्या नोंदणी क्षेत्रांत कॅन्सरचं प्रमाण सर्वांत कमी कुठे निघालं? उस्मानाबाद-बीडमध्ये. लाख पुरुषांमागे ३९.५, लाख बायकांमागे ४९.४, मिझोराममधल्या आयझॉलचा पुरुषांचा आकडा २६९.४. यातलं किती खरं भाग्य आणि किती न नोंदलेलं दुखणं, यावर वाद घालता येईल. शेजारच्या बार्शी नोंदणीतही प्रमाण कमीच आहे, म्हणून सगळाच आकडा खोटा म्हणवत नाही.

याच जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्या, असं २०१९ मध्ये विधान परिषदेत सांगितलं गेलं. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. बऱ्याच जणींनी कारण तेच सांगितलं: पांढरं जात होतं, डॉक्टर म्हणाले कॅन्सर होईल. नंतर खासगी रुग्णालयांना अशा ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. देशात जिथे कॅन्सर सर्वांत कमी नोंदला गेला, तिथेच कॅन्सरच्या धाकानं सर्वाधिक गाजलेली कापाकापी झाली. ज्या अवयवात रोग नव्हता तिथे सुरी लगेच निघाली. बरगडीवर तो होता, तिथे हळद लागली. दोन्हीकडे चुकलं ते एकच: कापण्याआधी तुकडा तपासायला हवा होता.

सोयी आल्या नाहीत असं नाही. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचं वैद्यकीय महाविद्यालय सत्तरच्या दशकापासून आहे. ग्रामीण भागातलं आशियातलं पहिलं म्हणून त्याचा अभिमान सांगितला जातो. बार्शीला डॉ. नेने यांच्या पुढाकारानं नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालय उभं राहिलं आणि १९८७ पासून तिथे देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालते. बार्शी, भूम आणि परंडा तालुक्यांतल्या ३४६ गावांत माणसं घरोघर जाऊन विचारतात: कोणाला गाठ आहे, कोणाचं रक्त जातं, कोण वारलं? नुसत्या विचारण्यानं आणि समजावण्यानं गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका आधीच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागल्या, हे तिथल्या नोंदींनी दाखवलं. औरंगाबादचं सरकारी कॅन्सर रुग्णालय २०१२ मध्ये सुरू झालं. त्याच वर्षी जुलैत गरिबांना मोफत उपचार देणारी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत आली. बार्शीचा सोलापूर जिल्हा त्यात होता, बीड नव्हता. बीडला ती नोव्हेंबर २०१३ मध्ये मिळाली. म्हणजे सव्वा वर्षाहून जास्त काळ बीडमध्ये कर्ज आणि सोलापुरात कार्ड. बीड शहराला रेल्वे यायला तर सप्टेंबर २०२५ उजाडला. तोवर मुंबईत परळला टाटा रुग्णालयात जायचं म्हणजे रात्रीची एसटी, मांडीवर रिपोर्टांची पिशवी आणि सकाळी फुटपाथवरच्या गर्दीत केसपेपरची रांग.

या सगळ्या मागोव्यात मला एक प्रश्न सतत टोचतो. शोधनिबंध निकाल मोजतात तो रोगी तीस दिवसांत मेला का आणि पाच वर्षांनी आहे का, एवढाच. तीन बरगड्या गेलेला माणूस पुन्हा तीस-चाळीस किलोची मोळी उचलू शकतो का, हे त्यात नसतं. बीडमध्ये मात्र घरचे पहिल्यांदा तेच विचारतात, आणि डॉक्टर 'जड उचलू नका' म्हणतात तेव्हा नवरा-बायको मिळून मोजला जाणारा एक कोयता मोडतो. उचल तर अंगावरच असते.

शिवाय छातीच्या भिंतीचा कॅन्सर परत येतो तेव्हा पुष्कळदा फुप्फुसात येतो, गुपचूप. म्हणून पहिली दोन-तीन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी तपासणी आणि अधूनमधून छातीचं स्कॅन, नंतर सहा महिन्यांनी. मे महिन्यात टाके निघालेल्याची ऑगस्टची फेरी सहसा चुकत नाही. कार्डावर पुढची तारीख डिसेंबरची पडते. डिसेंबरात घराला कुलूप असतं आणि टोळी कोल्हापूरकडे, नाहीतर पार बेळगावात.