एकादशीची महापूजा आणि घरचा रेकॉर्डर

आषाढी एकादशीस पंढरपुरी होणारी श्रीविठ्ठल-रुक्मिणीची शासकीय महापूजा सूर्योदयाच्या कितीतरी आधी, ऐन रात्रीच्या शेवटच्या प्रहरांत सुरू होते. दूरदर्शनची सह्याद्री वाहिनी तो सोहळा घरोघरी पोहोचविते. परंतु थकल्याभागल्या वृद्धांना अशा अवेळी उठविणे प्रत्येक कुटुंबास साधत नाही. अशा घरी डिजिटल रेकॉर्डर ही निव्वळ चैनीची वस्तू आहे, असे आम्ही म्हणणार नाही.

१९८७ साली ‘रामायण’ मालिका सुरू झाली, तेव्हा ज्यांच्या घरी व्हीसीआर होता ते कॅसेट लावून बसत. पुढे १९९९ मध्ये अमेरिकेत टिवो आणि रिप्लेटीव्ही ही यंत्रे आली व कॅसेटची जागा हार्ड डिस्कने घेतली. आपल्याकडे २००८ मध्ये टाटा स्काय प्लसने ही सोय डिशच्या पेटीतच आणून दिली.

पेटी निवडताना दोन ट्यूनर आहेत ना, हे प्रथम विचारावे. एकच असेल तर कीर्तन मुद्रित होत असता घरातील इतरांना सहसा दुसरी वाहिनी पाहता येत नाही आणि मग सणाच्या दिवशी वाद ठरलेलाच! जागेचा हिशेब सोपा आहे. सेकंदास ८ मेगाबिट वेगाने येणारे एचडी चित्र तासाला ३.६ गिगाबाइट जागा घेते. म्हणजे ५०० गिगाबाइटच्या डिस्कवर फार तर १३८ तास. त्यातीलही काही भाग यंत्र स्वतःसाठी राखून ठेवते.

वेळ लावताना एक गोष्ट ध्यानी असावी. पंचांगाचा वार सूर्योदयास बदलतो, यंत्राची तारीख मध्यरात्रीस. एकादशी रविवारी असेल, तर शनिवारी निजण्यापूर्वी तारीख रविवारचीच लावावयास हवी. थेट प्रक्षेपण लांबते, म्हणून शेवटी अर्धा तास अधिक ठेवावा. आणि रात्री भिंतीवरचे बटण बंद करण्याची सवय त्या दिवसापुरती सोडावी.

खरी कसोटी लागते ती जुनी पेटी देऊन नवी घेताना. कॅसेट शेजारच्या यंत्रातही चाले. डिशच्या पेटीतील मुद्रण मात्र बहुधा कुलूपबंद असते व त्याच पेटीवर दिसते. बाहेरून जोडलेल्या यूएसबी डिस्कचीही बहुतेक हीच गत. वर्षानुवर्षे जपलेली प्रवचने नव्या पेटीत आपोआप येतील, हा समज घरोघरी आढळतो आणि तो अनेकांना रडवून गेला आहे. विक्रेत्याने ‘सर्व काही येईल’ असे सांगितले, तरी ते दाखवून देण्यास सांगावे. शिवाय डिस्क भरली की काही यंत्रे सर्वांत जुने मुद्रण स्वतःहून पुसतात. तेव्हा जे राखावयाचे त्यावर तशी खूण करावी.

घरच्या व्हीसीआर कॅसेटींची गोष्ट निराळी. आजोबांचे कीर्तन, मुलाची मुंज ही आपली स्वतःची चित्रे. त्यांना कुलूप नाही. ती संगणकावर उतरवून दोन स्वतंत्र डिस्कवर ठेवावी. फीत वर्षागणिक झिजते आणि ती चालविणारी यंत्रे व दुरुस्त करणारे हात दोन्ही दुर्मीळ होत आहेत, म्हणून हे काम या चातुर्मासातच उरकावे.