सूर्यप्रकाश आणि सांडपाणी

बागेंतील पाण्याची नळी किंवा टेबलावरील प्लॅस्टिकचें आच्छादन मऊ कां असतें? मूळचें पीव्हीसी प्लॅस्टिक कडक असतें. त्यास लवचिकपणा आणण्याकरितां त्यांत बहुधा थॅलेट जातीचीं तेलकट द्रव्यें मिसळतात. करंजीच्या पिठांत मोहन मुरावें, तशीं तीं केवळ मुरलेलीं असतात; रासायनिक बंधनानें जखडलेलीं नसतात. त्यामुळें वापरतांना व धुतांना तीं हळूहळू सुटून मोरीवाटें गटारांत जातात. त्यांपैकीं तीन द्रव्यें प्रजननास अपायकारक ठरल्यामुळें युरोपीय संघानें २००५ सालच्या निर्बंधानें तीं मुलांच्या खेळण्यांतून वर्ज्य केलीं.

शुद्धीकरण केंद्रांत जंतूंच्या साह्यानें थॅलेटांचा कांहीं भाग नष्ट होतो; परंतु डीईएचपीसारखें द्रव्य गाळास चिकटून बसतें. म्हणजे प्रदूषण नाहींसें झालें नाहीं, त्यानें बिऱ्हाड बदललें!

तें मुळांतच फोडतां येईल काय? शाळेंत प्राणवायु तयार करतांना आम्ही पोटॅशियम क्लोरेटमध्यें मँगनीज डायऑक्साइड घालीत असूं. त्यानें क्रिया झपाट्यानें होई, पण तें स्वतः खर्ची पडत नसे. अशा मध्यस्थास उत्प्रेरक म्हणतात. पांढऱ्या रंगांत वापरली जाणारी टिटॅनियम डायऑक्साइडची भुकटी हाही उत्प्रेरकच. मात्र त्यास प्रकाश जागा करितो. जपानांत फुजिशिमा व होंडा यांनीं या द्रव्यावर प्रकाश टाकून पाण्याचे घटक वेगळे केल्याचें १९७२ सालीं प्रसिद्ध केलें, तेव्हांपासून त्याकडे शास्त्रज्ञांचें लक्ष वेधलें.

जंबुपार किरण, ज्यांस हल्लीं अतिनील म्हणतात, भुकटीच्या कणावर पडतांच त्यांतील इलेक्ट्रॉन जागा सोडतो व मागें पोकळी राहते. ही पोकळी पाण्यापासून हायड्रॉक्सिल नांवाचा अत्यंत उतावळा घटक निर्माण करते. तो थॅलेटचा रेणु फोडतो. तुकड्यांचे पुन्हां तुकडे होतात, आणि क्रिया तडीस गेल्यास शेवटीं कर्बाम्ल वायु व पाणी एवढेंच उरतें.

‘तडीस गेल्यास’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. क्रिया अर्धवट राहिली, तर तुकडे पाण्यांतच राहतात. शिवाय सूर्यप्रकाशांत जंबुपार किरण शेंकडा चार-पांचच; गढूळ पाण्यांत ते खोल शिरत नाहींत; आणि बारीक भुकटी परत गाळून काढणें खर्चाचें. म्हणून ती कांचेवर बसविण्याचे, तसेंच नत्राचा अंश मिसळून तिला दृश्य प्रकाशांत कार्यक्षम करण्याचे प्रयोग चालू आहेत.

तेव्हां ही युक्ति आधीं निवळलेल्या पाण्यावरील शेवटचा संस्कार म्हणून योजणें इष्ट. परंतु जें द्रव्य आपण गटारांत जाऊंच दिलें नाहीं, तें फोडण्याकरितां सूर्याला साकडें घालावें लागत नाहीं, हें प्रत्येक घरानें ध्यानांत ठेवावें.