मौखिक साक्षींचे विश्लेषण : पद्धती आणि पथ्ये

अलीकडे आमच्याकडे मार्गदर्शनासाठी येणाऱ्या पुष्कळ विद्यार्थ्यांचा विषय एकच असतो : १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे झालेल्या धम्मदीक्षेचे साक्षीदार. त्या दिवशी जे पंधरा वर्षांचे होते ते आज ऐंशीच्या पुढे गेले आहेत. तेव्हा ही घाई रास्तच आहे. वीस-पंचवीस मुलाखती ध्वनिमुद्रित होतात, शब्दशः उतरवल्या जातात, आणि मग तो जाडजूड गठ्ठा पुढे ठेवून विद्यार्थी विचारतो, ‘सर, आता याचे काय करायचे?’ बहुधा निष्कर्ष त्याने आधीच योजलेला असतो. मुलाखतींतून त्याला केवळ साजेशी अवतरणे हवी असतात. याला विश्लेषण म्हणता येणार नाही.

कोणता शब्द किती वेळा आला हे मोजणे, हा आशय-विश्लेषणाचा सर्वांत सोपा प्रकार. त्याचा उपयोग आहे, पण बेताचा. जे बोलताना माणूस थांबला, ते मोजणीत येत नाही.

याहून वेगळी वाट बार्नी ग्लेझर आणि अँसेल्म स्ट्राउस या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९६७ साली ‘ग्राउंडेड थिअरी’ या नावाने मांडली. कॅलिफोर्नियातील रुग्णालयांत मरणासन्न रुग्णांचा अभ्यास करताना ती त्यांच्या हाती आली होती. रुग्णाला आपले मरण ठाऊक आहे काय, आणि भोवतालची माणसे ते कळू देतात की दडवतात, हे त्यांनी तेथे प्रत्यक्ष पाहिले. त्यांचा आग्रह असा की सिद्धान्त बाहेरून आणून सामग्रीवर लादू नये. तो सामग्रीतून उभा राहावा. त्यासाठी मजकुराच्या लहान लहान तुकड्यांना नावे द्यायची (यालाच संकेतन म्हणतात), प्रत्येक नवा तुकडा आधीच्यांशी ताडून पाहायचा, मनात आलेले विचार टिपणांत नोंदवायचे, आणि पुढची मुलाखत कोणाची घ्यायची हे त्यावरून ठरवायचे. म्हणजे मुलाखती आधी संपवून विश्लेषण मागाहून आरंभणे या पद्धतीत बसत नाही. आमचे बहुतेक विद्यार्थी नेमके तेच करतात.

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, एक आजी सांगते : ‘त्या दिवशी घरातले सगळे देव नदीत सोडले. पण सासूबाईंचा टाक सोडायला हात होईना. तो मी उतरंडीत ठेवला.’ घाईत असलेला विद्यार्थी समासात ‘देवतांचा त्याग’ असे लिहील आणि पुढे जाईल. उतरंडीतला टाक त्याच्या हातून निसटला! दुसरा कोणी ‘जुन्या श्रद्धेचे अवशेष’ असे लिहील. तोही न्याय नव्हे, कारण बाई देवाविषयी बोलतच नाही, ती सासूविषयी बोलते आहे. ‘सासूची आठवण जपणे’ हे नाव तिच्या बोलण्याला अधिक जवळचे. आता हे नाव हाती धरून इतर मुलाखती पुन्हा वाचाव्या लागतील. आणखी कोणी काही ठेवले होते काय? कोणासाठी? आधी न दिसलेला प्रश्न असा निर्माण होतो.

व्हर्जिनिया ब्राउन आणि व्हिक्टोरिया क्लार्क यांनी २००६ साली आशयसूत्रांच्या विश्लेषणाचे सहा टप्पे सांगितले. सामग्रीशी परिचय, संकेतन, सूत्रांचा शोध, त्यांची फेरतपासणी, नामकरण आणि लेखन असा तो क्रम आहे. नवशिक्याला ही पद्धत सोयीची वाटते. परंतु सूत्रे मजकुरातून आपोआप उमटत नाहीत, ती संशोधक घडवतो, असे त्या दोघींनी बजावले आहे. संगणकावरील प्रणालींनाही हेच लागू आहे : तुकडे शोधून एकत्र करणे त्यांना जमते, निर्णय आपल्यालाच घ्यावा लागतो. पाली वाङ्मयाच्या वाचकाला यात नवल वाटू नये. थेरीगाथेची मांडणी गाथांच्या संख्येनुसार आहे. शोक, वार्धक्य, मुक्ती असे विषय लावून ती केली असती तर आपण वेगळा ग्रंथ वाचला असता.

तुकडे पाडण्यात एक हानीही आहे. सांगणाऱ्याने कोठून आरंभ केला आणि काय शेवटासाठी राखून ठेवले, हे तुकड्यांत नाहीसे होते. म्हणून कथन-विश्लेषण करणारे अभ्यासक निवेदन अखंड ठेवतात. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या १९८९ च्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ या ग्रंथात आंबेडकरी चळवळीतील स्त्रिया ज्या ठसठशीतपणे भेटतात, तो ठसा त्यांच्या बोलण्याची केवळ विषयवार कात्रणे केली असती तर राहिला नसता, असे आम्हांस वाटते.

महापरिनिब्बानसुत्तातील चार महापदेसांची आठवण येथे होते. कोणी म्हणेल की मी हे प्रत्यक्ष भगवंतांकडून ऐकले, तरी ते लगेच स्वीकारू नये, लगेच धिक्कारूही नये. सुत्त आणि विनय यांच्याशी ताडून पाहावे. साम्य फार ताणू नये हे खरे. तेथे कसोटी आधीच ठरलेली आहे. आमच्या विद्यार्थ्याला ती दुसऱ्या मुलाखती, तत्कालीन वृत्तपत्रे आणि त्याच व्यक्तीची पुन्हा घेतलेली भेट यांतून मिळवावी लागते. पण स्वीकार आणि धिक्कार या दोहोंच्या आधी थांबणे, एवढे उचलण्याजोगे आहे.

त्या टाकाचा उल्लेख प्रबंधात करावा की नाही, असे एखादा विद्यार्थी विचारील. समाजाला ते आवडणार नाही, अशी भीती त्याला वाटेल. आमचे मत असे की उल्लेख करावा, मात्र आजीला आधी विचारून, आणि तिचे नाव व गाव गाळून. ती नको म्हणाली तर तो उतरंडीतच राहू द्यावा. आपल्या टिपणांत मात्र नोंद असावी, म्हणजे ‘सर्वांनी देव सोडले’ असे वाक्य लिहिताना हात थांबेल.