मूठ कोणाच्या हाताची?

मुखेडच्या बाजारात खुरपं घ्यायचं म्हटलं की आपण आधी ते मुठीत धरून पाहतो. पातं कितीही चांगलं असो, मूठ हाताला रुतली तर दिवसभर निंदणी कशी व्हायची? हीच कसोटी आज वेगळ्या वस्तूला लावू. टीव्हीवर व्हिडिओ गेम खेळताना मुलांच्या हातात जो रिमोट असतो, ती ही वस्तू.

१९७७ साली अमेरिकेतील अटारी कंपनीने घरगुती खेळाचे यंत्र विक्रीस आणले. त्याचा रिमोट म्हणजे चौकोनी डबी, तिच्यावर उभा दांडा आणि डाव्या कोपऱ्यात एक बटन. डबी डाव्या हातात धरायची, दांडा उजव्याने हलवायचा. डावखुऱ्या मुलाची पंचाईत!

१९८२ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीतील गुनपेई योकोई यांनी हातात मावणाऱ्या खेळासाठी दांडाच काढून टाकला आणि अधिकाच्या चिन्हासारखे सपाट बटन बसवले. चारी टोके एकाच तुकड्याची, मध्ये टेकू. एक टोक दाबले की समोरचे वर उचलते. म्हणून उलट दिशा एकदम दाबल्या जात नाहीत. अंगठ्याला न पाहता दिशा कळते. पुढच्याच वर्षी हे बटन घरगुती यंत्रावर आले. १९९० नंतरच्या दशकात त्या यंत्राच्या नकला आपल्या देशातही विकल्या गेल्या.

पण बटनाला फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ कळते. कासरा किती ओढावा हे गाडीवानाचा हात ठरवतो, तसे इथे कसे साधावे? १९९६ साली निन्टेन्डोने रिमोटवर अंगठ्याने हलवायची छोटी दांडी दिली. थोडी लोटली तर खेळातला गडी चालतो, पुरती लोटली तर पळतो. १९९७ साली सोनीच्या रिमोटवर अशा दोन दांड्या आल्या. आत एका बाजूला वजन असलेल्या मोटारीही बसवल्या. त्या फिरल्या की रिमोट हातात थरथरतो.

हे सारे झाले, तरी दोन धड हात गृहीतच धरलेले होते. ज्याला एकच हात, त्याने नुसते बघत बसायचे का? २०१८ साली मायक्रोसॉफ्टने तळव्याने दाबता येतील अशा दोन मोठ्या चकत्यांचा रिमोट काढला. पाठीमागे वायर जोडण्याच्या जागा ठेवल्या. पायाने, कोपराने, हनुवटीने दाबायची बटने ज्याची त्याने जोडावीत.

गुरुजी, आपल्या वर्गातही एखाद्या मुलाच्या हातात पेन्सिल ठरत नसेल. ‘तुला जमत नाही’ असे म्हणण्याआधी पेन्सिलीला चिंधी गुंडाळून जाड करून पाहा. मूठ हातासाठी असते. हात मुठीसाठी नसतो.